खालून पहिले टेंभेकरकाका

रांगेत आपल्या मागे कुणी उभं राहिलं की टेंभेकरकाका अस्वस्थ होतात. मागे वळून बघतात, "या बाप्पा, तुम्ही व्हा पुढे," म्हणतात आणि स्वतः पुन्हा शेवटी जाऊन उभे राहतात. गणपतीच्या प्रसादाला शेवटी, ग्रुप फोटोत शेवटच्या ओळीच्या टोकाला, आणि विमानात चढताना तर इतके शेवटी, की दार लावायला आलेली बाई त्यांच्याकडे बघत थांबलेली असते. एकदा इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावातल्या देशी वाण्याच्या दुकानात त्यांना अशाच स्वभावाचे एक तेलुगू गृहस्थ भेटले. दोघं एकमेकांना पुढे व्हायला सांगत राहिले आणि शेवटी काउंटरवरच्या मुलीने कंटाळून काकांची भेंडी आधी वजनाला घेतली. त्या दिवसाची गोष्ट काका अजून हार झाल्यासारखी सांगतात.

हा नम्रपणा आहे असा माझाही सुरुवातीला समज झाला होता. आम्ही त्यांच्या शेजारी नवीन राहायला आलो तेव्हा मी एकदा म्हणाले, "काका, तुम्ही किती साधे आहात हो." त्यावर ते चक्क रागावले. "साधा कायचा? शेवटचा नंबर हे पद आहे मेधा. वरून पहिला कोणीपण होते. मी खालून पहिला आहे." मग त्यांनी मला घरात बोलावलं, शैलाकाकूंना चहा टाकायला सांगितला आणि हे पद काय असतं ते समजावून दिलं. चहा दोनदा झाला. काकू स्वयंपाकघरातून मला हाताने खुणा करत होत्या, की आता तुझी सुटका नाही.

काका मूळचे नागपूरचे, औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. कॅरीला येण्याआधी कंपनीने त्यांना काही वर्षं हॉलंडला पाठवलं होतं. लोक तिथून चीज आणतात, फुलांच्या शेतात उभे राहून काढलेले फोटो आणतात. काकांनी येताना तिथली निवडणूक आणली.

तिथे म्हणे प्रत्येक पक्ष संसदेसाठी आपल्या उमेदवारांची क्रमवार यादी लावतो. पक्षाला जितकी मतं, त्या प्रमाणात जागा, आणि यादीतली तितकी माणसं वरून मोजून आत. त्यामुळे भाषणं, झेंडे, हे सगळं नंतरचं. खरी मारामारी यादी लावताना होते. पक्ष एक समिती नेमतो, समिती मुलाखती घेते, कच्ची यादी काढते, मग सभासद जमून ती वरखाली करतात. वरचे नंबर खात्रीचे, मधले काठावरचे आणि खालचे शोभेचे, हे सगळ्यांना माहीत असतं पण बोलून कुणी दाखवत नाही. "नववा माणूस पाचवा झाला की त्याच्या घरी केक," काका सांगतात, "अन् पाचवा नववा झाला की त्याच्या घरी कोणी कोणाशी बोलत नाही."

आणि या यादीच्या अगदी तळाला एक माणूस मुद्दाम बसवलेला असतो. चार लोक ज्याला मानतात असा. त्याला निवडून यायचं नसतं. आपलं नाव खाली लावून तो यादीला जोर देतो, खालून ढकलतो. डच भाषेत या माणसाला स्वतंत्र शब्द आहे, त्याचा अर्थच यादी ढकलणारा. काकांचे तिथले शेजारी यान नावाचे म्हातारे बेकरीवाले दर निवडणुकीला एका छोट्या पक्षाचे ढकलणारे असायचे. निकाल लागला की आपल्याला पडलेली मतं ते बेकरीच्या दारावर खडूने लिहीत. आकडा एरवी लहानच असे, पण गावातला माणूस पाव घ्यायला आला की हळूच विचारायचा, त्यातलं एक माझं आहे, माहीत आहे ना? काकांना ही कल्पना इतकी आवडली, की ते स्वतःला ढकल्या म्हणवून घ्यायला लागले. भारतात यादी नाही आणि इथे अमेरिकेतही नाही, जो जिंकला तो सगळं घेऊन गेला, याचं त्यांना मनापासून दुःख आहे. नागरिक झाल्यापासून ते इथे न चुकता मतदान करतात आणि न चुकता उदास होऊन परत येतात.

हे दुःख घेऊन ते आमच्या मराठी मंडळात घुसले.

मंडळाचं दुखणं तेव्हा फार वाढलं होतं. दोन पॅनल होती, उत्साह आणि संस्कार. उत्साहला कार्यक्रमात डीजे हवा, संस्कारला पंगत. ज्याला चार मतं जास्त, त्याचे सातच्या सात लोक कमिटीत आणि हरलेले वर्षभर रुसलेले. एका दिवाळीला तर एकाच शनिवारी दोन शाळांमध्ये दोन दिवाळ्या झाल्या. उत्साहने बोलावलेला गायक चुकून संस्कारच्या शाळेत गेला, तिथे त्याचं भरपूर स्वागत झालं, आणि जेवून, विडा खाऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या दिवाळीत गायलो.

पुढच्या सर्वसाधारण सभेत काका उठले. फळ्यावर वर्तुळं काढून ते पाऊण तास बोलले. मागच्या टेबलावर वडापाव झाकून ठेवले होते आणि त्यांचा वास हॉलभर सुटला होता. "कोणाची हरकत असेल तर सावकाश बोला, आपल्याकडे वेळच वेळ आहे," असं काकांनी म्हटल्याबरोबर प्रस्ताव एकमताने मंजूर झाला.

तेव्हापासून आमच्या मंडळात दर दोन वर्षांनी हॉलंडची निवडणूक होते. मतपत्रिकेवर दोन्ही पॅनलच्या याद्या शेजारी शेजारी. कुठल्याही एका नावापुढे खूण करायची. ती त्या यादीलाही मिळते आणि त्या माणसालाही. एक बारीक नियम असा, की एका जागेला जितकी मतं लागतात त्याच्या पाव हिश्शाइतकी मतं एखाद्याला स्वतःच्या नावावर पडली, तर तो क्रम ओलांडून थेट आत. हा नियम कधी कामाला आला नव्हता, कारण आमचे लोक पहिल्या नावापुढे खूण करून मोकळे होतात. दुसरा बारीक नियम, निवडून आलेल्याला पद नको असेल तर त्याने राजीनामा द्यावा, त्याच्या जागी यादीतला पुढचा येईल. हे दोन्ही नियम काकांनी स्वतःच्या हाताने लिहिले आणि प्रत्येकाला गाठून समजावून सांगितले. मला पार्किंगमध्ये गाठलं होतं.

दोन्ही पॅनलच्या मुलाखती काकांच्याच जेवणाच्या टेबलावर होत, एका रविवारी यांच्या, एका रविवारी त्यांच्या. काका प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "सातवा नंबर दिला तर राहशील काय?" जो हसत हो म्हणायचा त्याला ते वर ठेवायला सांगत आणि ज्याचा चेहरा पडायचा त्याला खाली. मग हळूहळू लोक शहाणे झाले आणि हसत हो म्हणायला शिकले. तेव्हा काका त्यांच्या बायकांचे चेहरे बघू लागले.

तळाचा ढकल्या सोडून यादीत एक बाई, एक बुवा असा क्रम पाळायचा हा काकांचा हट्ट. शिवाय पहिले तिघंही पुण्याचे आले की नागपूरकर उठून उभे राहत, नागपूरचा घातला की मुंबईकर विचारत आम्ही काय नुसत्या खुर्च्या उचलायच्या का, आणि हे सगळं जुळवून आणलं की कुणीतरी म्हणे, पण सगळे कॅरीचेच आहेत, आम्ही मॉरिसव्हिलहून ड्राइव्ह करून येतो त्याचं काय. काकांच्या नाकी नऊ येत, आणि ते विलक्षण खूश असत. काठावरच्या नंबरावरून दोन सज्जन माणसं एकमेकांशी भांडायला लागली की ते माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. "बघून राहिली नं? डिट्टो हॉलंड."

मी त्या टेबलावर असायचे, कारण पहिल्या निवडणुकीपासून मी निवडणूक अधिकारी. ती नेमणूकही काकांचीच. यंदा माझा नवरा निखिल पहिल्यांदाच उत्साहकडून उभा राहिला तेव्हा संस्कारवाल्यांनी हरकत घेतली, की नवरा उमेदवार आणि बायको अधिकारी, हे कसं चालेल. काकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की मी या दोघांच्या भिंतीला भिंत लावून राहतो, मेधा निखिलच्या बाजूने काही करेल ही शंका कोणी मनात आणू नये. हरकत तिथल्या तिथे मागे घेतली गेली. निखिल दोन दिवस माझ्याशी हळू आवाजात बोलत होता.

बाद मतावर मात्र काकांचा भयंकर राग. मतदानाच्या आधी ते नमुन्याची पत्रिका घेऊन दारात उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येकाला खूण कुठे, कशी करायची ते दाखवत, त्यात दोन डॉक्टर आणि एक गणिताचे प्राध्यापकही आले. कोरी पत्रिका म्हणजे घरी बोलावलं असताना न जेवता उठून जाणं, असं त्यांचं म्हणणं. ते सांगताना त्यांना खरोखरच अपमान झाल्यासारखं वाटत असे.

काका अर्थात उत्साहच्या यादीत सातवे. कायमचे. आणि गंमत अशी, की शैलाकाकू संस्कारच्या यादीत दुसऱ्या. संस्कारकडे बुवा भरपूर होते पण बाया मिळेनात, म्हणून त्यांनी काकूंना गळ घातली, आणि काकू पुण्याच्या, पंगतीच्या बाजूच्या, त्या तयार झाल्या. त्या दरवेळी निवडून आल्या. दरवेळी मंडळाचं स्वयंपाकाचं खातं त्यांनी असं सांभाळलं, की उत्साहचे लोकसुद्धा त्यांच्या हाताखाली काम करायला मिळावं म्हणून धडपडत. निवडणुकीच्या महिन्यात दोघांचं घर म्हणजे करमणूक होती. काका पोळी वाढून घेता घेता विचारायचे, "विरोधी पक्ष काय म्हणते?" काकू म्हणायच्या, "विरोधी पक्ष म्हणतो, ताटात टाकू नका."

निकालात एक गोष्ट ठरलेली होती. मोजणी सगळ्यांसमोर, शाळेच्या फळ्यावर रेघा ओढून. मी एकेक पत्रिका उघडून नाव वाचायचे. काकांच्या नावापुढे दरवेळी एक रेघ पडायची. एकच. ती पडली की हॉलमध्ये हशा व्हायचा आणि कुणीतरी ओरडायचं, काका, स्वतःलाच दिलंत ना? काका मान हलवून हसायचे, हो म्हणायचे नाहीत की नाही म्हणायचे नाहीत. मतदान गुप्त असतं.

ते मत काकूंचं होतं. हे मला त्यांनीच एकदा करंज्यांचं सारण करताना सांगितलं. "माझ्या पॅनलला कळलं तर मला हाकलतील गं. पण सगळ्यांच्या नावापुढे काहीतरी असतं आणि यांच्यापुढे शून्य, ते फळ्यावर बघवत नाही मला." मी विचारलं, काकांना माहीत आहे का? काकू म्हणाल्या, त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी बोलले नाही, घरात असलं तरी मतदान गुप्तच ठेवायचं असतं. मग वेलची कमी झाली आहे का ते बघ म्हणाल्या.

गेल्या पानगळीत काकू गेल्या. आजारपण लहानसं वाटलं होतं, पण तसं ते नव्हतं. आम्हा सगळ्यांना फार लागलं ते. भेटायला येणाऱ्या माणसांसाठी काका दार उघडायचे, सगळ्यांना आत घ्यायचे आणि स्वतः दाराशीच उभे राहायचे. यजमान आपणच आहोत, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागायचा.

त्यांचा मुलगा मंदार टेक्ससमध्ये फ्रिस्कोला असतो. तो मनाने चांगला मुलगा आहे. त्याने मोठं घर घेतलं, खाली बाबांसाठी खोली ठेवली, जवळ देऊळ आहे, नागपूरची चार कुटुंबं आहेत, सगळं बघून ठेवलं. रोज फोन करून तो तेच सांगायचा. काका म्हणायचे, एवढी निवडणूक होऊ दे मग येतो. मंदारने मला वेगळा फोन करून विचारलं, की ताई, हे खरंच येतील ना? मी म्हणाले येतील. घराच्या एजंटशी बोलणं झालं होतं, निवडणुकीनंतरच्या आठवड्यात अंगणात विक्रीची पाटी लागणार होती.

मी एकदा काकांना सरळ विचारलं, तुम्हाला जायचंय का? ते अंगणात हिवाळाभर पडून राहिलेली पानं गोळा करत होते. आधी त्यांनी पानांची पिशवी बांधून घेतली.

"तिथे सोय आहे मेधा," ते म्हणाले. "मंदार खूप करते. पण मुलाच्या घरात यादी नसते नं. तिथे मी पाहुणा, सगळ्यात आधी मलाच वाढतील."

इथे काय आहे, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, की इथेही आता काही नाही, ही होती म्हणून होतं. निवडणूक पार पडली, निकाल फळ्यावर बघितला, की मन मोकळं होईल आणि पाय निघेल. ते कुठल्या निकालाबद्दल बोलत होते ते मला कळलं आणि मला चैन पडेना. या वेळी त्यांच्या नावापुढे काहीच असणार नव्हतं.

त्या संध्याकाळी मी निखिलला करंज्यांच्या वेळची गोष्ट सांगितली. फक्त निखिलला. आणि सांगितलं, की मी माझं मत काकांना देणार आहे, शून्य तरी नको दिसायला. निखिलने फार विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला बरोबर आहे तुझं. त्याने ती गोष्ट फक्त ज्योती सानेला सांगितली, कारण ज्योती उत्साहची पहिल्या नंबरची उमेदवार, तिला माहीत असावं. ज्योतीने फक्त तिच्या नाटकाच्या ग्रुपला सांगितली. पुढे ती कुणी फक्त कुणाला सांगितली ते मला माहीत नाही.

मतदान गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी होतं, नेहमीच्या शाळेच्या कॅफेटेरियात. काका इस्त्रीचा शर्ट घालून नमुन्याची पत्रिका घेऊन दारात उभे होते. सगळे आले, त्यांचं समजावणं ऐकून घेतलं, पत्रिका टाकली. सगळ्यांची झाल्यावर काकांनी आपली टाकली. पडद्यामागे ते जरा जास्त वेळ होते. मोजणी आधी आणि मसालेभात नंतर हा काकांचाच नियम, त्यामुळे सगळे खुर्च्या ओढून फळ्यासमोर बसले.

पहिल्या काही पत्रिका नेहमीच्याच होत्या. ज्योती, ज्योती, संस्कारचे बापट, ज्योती. मग मी एक उघडली आणि वाचलं, "टेंभेकर." फळ्यावर रेघ पडली. काकांनी मान वर केली. नेहमीचा हशा झाला नाही. मला वाटलं हे माझंच मत असेल आणि मला बरं वाटलं.

पुढची पत्रिका, टेंभेकर. त्याच्या पुढची बापट. मग टेंभेकर. मग पुन्हा टेंभेकर. मी वाचत गेले आणि समोर लोक एकमेकांकडे बघेनासे झाले. ज्योती पायातल्या चपलेचा पट्टा नीट करत होती. डॉक्टर पाठक छताकडे बघत होते. प्रत्येकाला वाटलं होतं की आपल्याशिवाय कुणी देणार नाही, आणि आता प्रत्येकजण पकडला जात होता. रेघांचे गठ्ठे होऊ लागले. संस्कारचे बापट मिश्या ओढत बसले होते. नंतर त्यांनी कबूल केलं, की काकांना मत देऊन आपल्याच पॅनलचा गळा त्यांनी आपल्या हाताने कापला.

मध्ये एक कोरी पत्रिका निघाली. मी ती उलटीसुलटी करून दाखवली आणि म्हणाले, बाद. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं, आता भाषण होणार म्हणून. काका फळ्याकडेच बघत राहिले. त्यांचं लक्ष नसेल असं मला वाटलं.

हिशेब नेहमी काकाच करतात, म्हणून मी त्यांच्या हातात मार्कर दिला. त्यांनी भागाकार केला. उत्साहला दरवेळी तीन जागा मिळतात, या वेळी चार आल्या. निखिल यादीत चौथा. तो अर्धवट उठला, पँट नीट केली आणि विनयशील चेहरा करू लागला. तेवढ्यात काकांनी पाव हिश्शाचा आकडा लिहिला आणि त्याच्या शेजारी आपल्या नावापुढच्या रेघा मोजल्या. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा मोजल्या. निखिलला सगळ्यांच्या आधी कळलं. तोंडाशी आलेला घास गेला होता आणि तो त्याने स्वतःच घालवला होता. तो हळूच खाली बसला.

"काहीतरी चुकलं आहे," काका म्हणाले. "परत मोजा."

परत मोजलं. तेच आलं. मी अधिकारी म्हणून जाहीर केलं, की क्रम ओलांडून श्री. सुधाकर टेंभेकर निवडून आले आहेत. टाळ्या पडल्या आणि काका संतापले. यादी म्हणजे थट्टा आहे का, खालून पहिला माणूस निवडून येत नसते, तुम्ही एका रात्रीत सगळी पद्धत मोडली, असं ते एका दमात बोलले. मग त्यांनी सांगितलं, की हॉलंडमध्ये यान एकदा असाच निवडून यायच्या बेतात होता, पण ढकल्याने पद घ्यायचं नसतं, त्याने आधीच नकाराचं पत्र लिहून ठेवलं होतं. सगळ्यांना कळलं पुढे काय होणार. काका राजीनामा देणार, निखिल आत जाणार आणि पुढच्या आठवड्यात अंगणात पाटी लागणार.

"मला जेवणापर्यंत वेळ द्या," काका म्हणाले.

जेवणाची रांग लागली. काका नेहमीप्रमाणे शेवटी. मी पत्रिका बांधून ठेवत होते म्हणून मलाही उशीर झाला आणि मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी मला पुढे व्हायला सांगितलं नाही. रांग पुढे सरकत होती, ते हातातल्या रिकाम्या ताटाकडे बघत होते.

"ते बाद मत माझं होतं," ते म्हणाले.

मी जरा पुढे होऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

"दरवेळी मी तिलाच देत होतो. तिच्या नावापुढे इतकी पडायची, त्यात माझं कोणाला दिसते? सवयीनं संस्कारची यादी वाचली आज. वरून वाचली, खालून वाचली." ते थांबले. "मग नाही झाली खूण."

"काकूंचं तुम्हाला जायचं," मी म्हणाले. "तुम्हाला ते माहीत होतं?"

"चाळीस वर्षं संसार केला मेधा, एवढं नाही माहीत होणार? पण विचारायचं कसं? गुप्त असते नं." मग जरा वेळाने म्हणाले, "आज शून्य बघायला आलो होतो मी. शून्य दिसलं असतं तर जाता आलं असतं. तुम्ही लोकांनी पार घोळ केला."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. मंदार होता. निकाल लागला का आणि एजंटला कधी बोलवू, हे विचारायला. काकांनी फोन कानाला लावला, आमच्यापुढे उभ्या असलेल्या निखिलच्या पाठीकडे बघितलं आणि घसा खाकरला.

"मंदार, अरे, थोडा प्रॉब्लेम झाला. मी निवडून आलो." पलीकडून मंदार हसला असावा. मग त्याने काहीतरी विचारलं. "हो, दोन वर्षं. नाही रे, रिझाइन नाही करता येत. नियमात बसत नाही."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तो नियम त्यांनी स्वतः लिहिला होता आणि मला पार्किंगमध्ये उभं करून समजावला होता. मी त्यांना ओळखते तेव्हापासून त्यांनी नियमाचा एक शब्द इकडचा तिकडे केलेला नव्हता.

"थांब, अधिकारी इथंच आहे. तिलाच विचार," म्हणत त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"ताई, असं कसं?" मंदार म्हणाला. "वॉलंटरी पोझिशन आहे ना ही? सोडता कशी येणार नाही?"

निखिल वळून उभा राहिला होता. हातात ताट, त्यात मसालेभात. राजीनाम्याच्या नियमाने ज्याला जागा मिळणार होती तो एकटा तोच, आणि नियम त्याला माझ्याइतकाच पाठ होता. त्याने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच मान हलवली.

"नाही रे मंदार," मी म्हणाले. "नाही बसत नियमात. मी बघितलं."

मंदारने पलीकडे कुणाला तरी काहीतरी विचारलं. मग म्हणाला, बरं, मग आम्हीच येतो उन्हाळ्यात, बाबांना सांग. मी फोन परत दिला. काकांनी तो खिशात ठेवला आणि रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसला. निखिलने रांगेतून बाहेर येऊन टेबलावरची एक जिलबी उचलली आणि त्यांच्या रिकाम्या ताटात ठेवली.

आमच्या मागे कुणी नव्हतं. काकांनी सवयीने एकदा वळून ते बघून घेतलं, मग मला धरून आपल्यापुढे उभं केलं आणि म्हणाले, "चल, सरक पुढे. भात गार होऊन राहिला."